महाविद्यालयाचं संशोधन नियतकालिक ग्रंथालयाकडे आलं, तर ग्रंथपालाने काय शिकावं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयातल्या ग्रंथपाल मॅडमनी विचारलं आहे: ‘नॅकच्या (महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या) आधी महाविद्यालयाचं स्वतःचं ऑनलाइन संशोधन नियतकालिक सुरू करायचं आणि ते ग्रंथालयाने सांभाळायचं, असं प्राचार्यांनी ठरवलं आहे. माझं एम.लिब. झालं आहे, पण प्रकाशनाचं काम कधी केलेलं नाही. कुठलं प्रशिक्षण घेऊ? प्रमाणपत्र मिळेल असा कोर्स आहे का? आणि संगणकाचं ज्ञान जेमतेम असताना हे जमेल का?’

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जमेल. या कामात संगणक सगळ्यात सोपा आहे. मी जळगाव जिल्ह्यात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, दोन नियतकालिकांचं मागचं काम सांभाळलं, आणि आता निवृत्तीनंतर महाविद्यालयांमध्ये हेच शिकवायला जातो. ज्यांची नियतकालिकं बंद पडली त्यांतलं एकही मला सॉफ्टवेअर न आल्यामुळे बंद पडलेलं आठवत नाही. लेख मिळाले नाहीत, लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी उत्तरं दिली नाहीत, संपादक निवृत्त झाले, किंवा संकेतस्थळाचे पैसे कुणी भरायचे हे ठरलं नव्हतं, अशीच कारणं होती.

म्हणून आधी एक गोष्ट प्राचार्यांशी बोलून घ्या. नियतकालिक सुरू करणं ही प्रकाशन सेवेतली शेवटची पायरी आहे, आणि आपल्याकडे ती पहिली म्हणून चढतात. प्राध्यापकाला आपला लेख कुठे पाठवावा, कुठे पाठवू नये, हक्कांच्या कागदावर सही करताना काय वाचावं, आपलं नाव सगळीकडे सारखं कसं राहील, हे सांगणारं माणूस महाविद्यालयात असणं ही प्रकाशन सेवाच आहे. त्याला सर्व्हर लागत नाही आणि एक रुपयाही लागत नाही. तुमचं प्रशिक्षण तिथून सुरू व्हावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याला ताजं कारणही आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी २०१९ पासून होती. प्राध्यापक विचारायचे, ‘सर, हे जर्नल केअरमध्ये आहे का?’ आणि आपण यादी उघडून हो किंवा नाही सांगायचो. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि नियतकालिक पारखण्यासाठी फक्त सूचक निकष दिले. म्हणजे पारख करण्याची जबाबदारी संस्थेवर आली, आणि संस्थेत ती फिरून फिरून ग्रंथालयाच्या टेबलावरच येणार. आता ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणताना कारण सांगावं लागतं. हे कारण सांगता येणं हेच पहिलं कौशल्य.

ते शिकायला कोर्स लागत नाही. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालातून प्राध्यापकांच्या प्रकाशनांची यादी घ्या आणि एकेक नियतकालिक तपासत बसा. संपादक मंडळातली नावं त्या त्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खरोखर सापडतात का? लेख स्वीकारण्याची मुदत दिवसांत दिली आहे की महिन्यांत? एकाच अंकात वनस्पतिशास्त्र, मराठी कविता आणि जीएसटी शेजारी शेजारी आहेत का? लेखावर डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, छापला असेल तर त्याच्या आधी डीओआय डॉट ओआरजीचा पत्ता जोडून उघडून पाहा. दहाने सुरू होणारे, डीओआयसारखे दिसणारे आकडे बरेच ठिकाणी छापलेले असतात, पण ते कुठेच उघडत नाहीत. मुखपृष्ठावर ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचे इतरत्र किती उल्लेख होतात त्याचा आकडा, ठळक छापला असेल तर तो कुणी दिला ते बघा. ज्याला जगभर जर्नल इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो क्लॅरिव्हेट या कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्येच निघतो. त्याच्यासारखी नावं घेऊन पैसे घेऊन आकडे देणारी दुकानं वेगळी. नावाजलेल्या नियतकालिकाचं नाव आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळखक्रमांक) चोरून बनवलेली हुबेहूब संकेतस्थळंही असतात, म्हणून आयएसएसएन पोर्टलवर त्या क्रमांकासमोर कुठला पत्ता नोंदवला आहे तेही तपासा.

एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या व्यवसायाच्या अभिमानाची आहे. ‘प्रिडेटरी’ म्हणजे लुबाडू नियतकालिकांकडे जगाचं लक्ष वेधणारे जेफ्री बील हे अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल होते. त्यांची यादी जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी मागे घेतली. यादीवर अवलंबून राहण्याचा धोका तेव्हाही दिसला होता आणि केअरच्या वेळी पुन्हा दिसला. यादी संपते, पारख राहते.

याच टप्प्यावर एक दार उघडं आहे, त्यातून आत शिरा. यूजीसीने २०१९ च्या डिसेंबरात पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये ‘संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्ता’ हा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. त्यात मुक्त प्रकाशन (कुणालाही मोफत वाचता येणारं), प्रकाशनातले गैरप्रकार, डेटाबेस आणि संशोधनाची मोजमापं असे घटक आहेत. हे घटक ग्रंथपालाइतके चांगले दुसरं कुणी शिकवू शकत नाही, आणि बहुतेक ठिकाणी ते घाईघाईत उरकले जातात. तुमच्या महाविद्यालयात किंवा जवळच्या संशोधन केंद्रात ते तास मागून घ्या. शिकवायचं म्हटलं की आपण आपोआप नीट वाचतो.

आता दुसरा भाग, ज्यात तुमचं एम.लिब. खऱ्या अर्थाने कामी येतं. लेखाबद्दलच्या माहितीच्या नोंदीला प्रकाशनाच्या भाषेत मेटाडेटा म्हणतात. आपल्या भाषेत ती तालिकेची नोंदच आहे, फक्त ती वाचकाआधी यंत्र वाचतं. महाविद्यालयाने मागे भरवलेल्या एखाद्या परिषदेचं इतिवृत्त कपाटात असेलच. ते घ्या आणि त्यातल्या प्रत्येक लेखाची एक्सेलमध्ये नोंद करा: शीर्षक देवनागरीत, शीर्षक रोमन लिपीत, लेखकाचं नाव, संस्था, सारांश, कळीचे शब्द, पृष्ठं, संदर्भ. पहिल्या दहा लेखांतच कळेल की कुठे काय राहिलं आहे. सारांश नाही, संस्थेचं नाव चार प्रकारे लिहिलं आहे, संदर्भात वर्ष नाही.

लेखकाच्या नावाचा घोळ तर खान्देशात इतरांपेक्षा जास्त. आमच्याकडे दगड उचलला तरी त्याखाली पाटील, चौधरी किंवा महाजन निघतो. समजा एक प्राध्यापक आहेत, रमेश सुपडू पाटील. एका लेखावर ‘आर. एस. पाटील’, दुसऱ्यावर ‘पाटील रमेश सुपडू’, तिसऱ्यावर ‘डॉ. रमेश पाटील’. त्याच जिल्ह्यात ‘आर. एस. पाटील’ नावाचे आणखी दहा प्राध्यापक असतील. गुगल स्कॉलर, म्हणजे गुगलचा शोधलेखांचा शोध, या सगळ्यांची एकच मोट बांधतो आणि मग पदोन्नतीच्या वेळी कुणाचे उल्लेख कुणाच्या खात्यात आहेत याचा पंचनामा करत बसावं लागतं. यावर उपाय म्हणजे ऑर्किड आयडी. सोळा अंकी क्रमांक, संशोधकासाठी मोफत, २०१२ पासून सुरू आहे. तुमच्या महाविद्यालयातल्या प्रत्येक प्राध्यापकाचा ऑर्किड आयडी काढून घेणं आणि नावाचं एकच रूप ठरवून देणं, ही सेवा सुरू केल्याचा पहिला दिसणारा पुरावा ठरेल. नॅकच्या फायलीतही तो शोभतो, म्हणजे प्राचार्य खूश.

यानंतर येतो फॉन्टचा विषय. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण परदेशी प्रशिक्षण साहित्यात तो तुम्हाला कुठेही सापडणार नाही आणि मराठी प्रकाशनाचं निम्मं नुकसान तिथेच झालेलं आहे.

आपल्याकडे लेख डीटीपीवाल्याकडे जातो. तो श्रीलिपी, कृतिदेव किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये पेजमेकर नाहीतर कोरलमध्ये पानं लावतो, पीडीएफ काढतो आणि आपण ती संकेतस्थळावर चढवतो. डोळ्यांना मराठी दिसतं. पण त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी करून वर्डमध्ये चिकटवून बघा. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्केचिन्हं यांचा नुसता कचरा येतो, कारण त्या फॉन्टमध्ये ‘क’ म्हणजे रोमन लिपीतल्या एखाद्या अक्षराच्या जागेवर काढलेलं ‘क’चं चित्र असतं. यंत्राच्या दृष्टीने त्या लेखात मराठीचा एक शब्दही नसतो. त्यामुळे तो शोधात येत नाही, गुगल स्कॉलरला कळत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाचं स्क्रीन रीडरही तो वाचू शकत नाही.

आणखी एक परिणाम आहे, तो कमी लोकांच्या लक्षात येतो. साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अशी फाइल टाकली तर साम्य जवळजवळ शून्य येतं. तो अहवाल लेखाला जोडून ‘मूळ संशोधन’ म्हणून मिरवलेला मी पाहिला आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, त्यापुढे ४०, ६० आणि ६० च्या वर अशा पातळ्या आहेत. पण मजकूरच वाचता येत नसेल तर टक्केवारीला काय अर्थ? मराठी लेखाचा अहवाल हातात आला की आधी फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्राला अक्षर म्हणूनच कळणाऱ्या मराठीत, आहे का ते बघायचं आणि मगच आकडा बघायचा, ही सवय स्वतःला लावा आणि प्राध्यापकांनाही लावा.

म्हणून लेख युनिकोडमध्येच घ्यायचे, हा नियम पहिल्या अंकापासून. जुने अंक रूपांतरित करायचे असतील तर रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका. रफार एक अक्षर पुढे सरकतो, ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांची गल्लत होते, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर येतं. रूपांतरानंतर मुद्रितशोधन करावंच लागतं आणि ते मराठी विभागातल्या माणसाकडून करून घ्यावं. डीटीपीवाल्याशी एकदा बसून बोला. इनडिझाइनमध्ये देवनागरी युनिकोड नीट बसण्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडावा लागतो, एवढं त्याला सांगितलं तरी निम्मी कटकट मिटते. आणि पीडीएफ प्रत्येक लेखाची वेगळी हवी, सबंध अंकाची एक नको. गुगल स्कॉलर ५ एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही.

तुमच्या जिल्ह्यात भाषेचा प्रश्न इथेच संपत नाही. अहिराणी, भिली, पावरी, मावची या भाषांवरचे आणि या भाषांतले लेख येतील. नोंदीत भाषेच्या रकान्यात सरसकट ‘मराठी’ लिहू नका. अहिराणीला आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे, खान्देशीला वेगळा, भिलीलाही वेगळा. अहिराणी ओव्यांवरचा लेख त्या संकेताखाली नोंदला तर जगातल्या कुठल्याही भाषाभ्यासकाला तो सापडू शकतो. हे काम तालिकाकाराचंच, संपादकाला ते सुचणार नाही.

हक्कांचं प्रकरण बहुतेक कार्यशाळांत शेवटच्या पंधरा मिनिटांत आटपतात. तुम्ही ते लवकर शिका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ आधी वाचा. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरला जातो. आता तुमच्या प्राध्यापकांनी आजवर सही केलेले कागद काढून बघा. ‘माझा लेख प्रसिद्ध करण्यास हरकत नाही’ एवढ्या एका ओळीवर काही नियतकालिकं स्वतःला सर्व हक्कांची मालक समजतात. आपल्या नियतकालिकासाठी मी नेहमी सुचवतो ते हे: कॉपीराइट लेखकाकडेच ठेवा, प्रकाशनाची परवानगी घ्या आणि लेखावर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना, म्हणजे इतरांनी लेख कसा वापरायचा हे आधीच सांगणारी परवानगी, स्पष्ट छापा. परवाना कुठला हे संपादक मंडळाला ठरवू द्या, पण त्यांना त्यातला फरक समजावून सांगण्याइतका अभ्यास तुमचा हवा.

सातपुड्याच्या पायथ्याशी असल्यामुळे एक गोष्ट जास्तीची. आदिवासी गीतं, कथा, औषधी वनस्पतींची माहिती यांवर आपल्याकडे भरपूर संशोधन होतं. लेखकाने गाणं ध्वनिमुद्रित केलं, लिप्यंतर केलं, लेखात छापलं. गाणाऱ्या बाईला विचारलं होतं का? तिचं नाव द्यायचं की नको, हे तिने सांगितलं का? फोटो आंतरजालावर कायमचा राहील हे तिला कळलं होतं का? ‘मुक्त परवाना’ लावताना आपण लेखकाच्या शब्दांसोबत तिचं गाणंही जगाला वापरायला देत असतो. कायद्याने प्रत्येक वेळी अडणार नाही, पण संमतीचा साधा कागद लेखासोबत मागून घ्या. संमती तोंडी असेल तर कधी, कुठे, कुणासमोर हे लेखकाकडून लिहून घ्या.

सॉफ्टवेअरचं सांगतो. ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरतात. ते बनवणारा पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट १९९८ साली कॅनडात सुरू झाला. सर्व्हरवर ते बसवायचं काम तुमचं नाही, संगणक विभागातल्या कुणाकडून किंवा बाहेरून करून घ्या. तुम्ही शिकायचं ते आतलं काम: लेख दाखल होणं, परीक्षण, भाषासंपादन आणि निर्मिती या चार टप्प्यांतून एक लेख कसा जातो ते. सरावासाठी एक चाचणी-संकेतस्थळ मागून घ्या, चार वेगवेगळे ईमेल वापरून स्वतःच लेखक, संपादक, परीक्षक आणि वाचक व्हा, आणि एक लेख या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. परीक्षक म्हणून लेख नाकारूनही बघा, कारण नकाराचं पत्र पहिल्यांदा खऱ्या लेखकाला पाठवताना हात थरथरतो. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचं नाव राहून जातं, ते काढायला शिका. नाहीतर ‘अंध परीक्षण’, म्हणजे लेखक कोण हे परीक्षकाला कळू न देता केलेलं परीक्षण, नुसतं नावाला उरतं.

तसंही खान्देशात अंध परीक्षण कठीण आहे. रावेर तालुक्यातल्या केळी बागायतदारांवर लेख आला की तो कुणाचा, हे तीन जिल्ह्यांतला त्या विषयाचा कुठलाही माणूस शीर्षकावरून सांगेल. परीक्षक विदर्भातले, मराठवाड्यातले, गोव्यातले घ्या. आणि दबावाची तयारी ठेवा. संस्थाचालकांच्या नातलगाचा लेख येणार, प्राचार्यांचा लेख येणार, परिषदेत भाग घेतलेल्या सर्वांचे शोधनिबंध ‘विशेषांकात’ घ्या असा निरोप येणार. अशा वेळी तोंडी वाद घालण्यात अर्थ नसतो, लेखी धोरण कामी येतं. ‘संपादक मंडळातल्या व्यक्तीचा लेख बाहेरचा संपादक हाताळेल’, ‘परिषदेतल्या निबंधांचंही परीक्षण होईल’ अशी वाक्यं पहिल्या अंकाआधी मंजूर करून संकेतस्थळावर टाकलेली असली की आपल्याला फक्त त्यांच्याकडे बोट दाखवायचं असतं. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स, म्हणजे ‘कोप’, या संस्थेचे तक्रार आली तर काय करावं याचे आकृतीसह टप्पे मोफत मिळतात, ते छापून टेबलाजवळ ठेवा. आणि कृपा करून स्वतः संपादक होऊ नका. ग्रंथपाल प्रकाशनाचा व्यवस्थापक असावा, लेखाच्या गुणवत्तेचा निवाडा विषयातल्या माणसाने करावा.

परवानग्या आणि नोंदण्यांबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून थोडक्यात. आयएसएसएन आपल्याकडे नवी दिल्लीच्या सीएसआयआर-एनआयएससीपीआर या संस्थेतल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो, मोफत मिळतो, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगळे क्रमांक लागतात. आयएसएसएन म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे, हे महाविद्यालयात एकदा सगळ्यांना सांगून टाका. वृत्तपत्रांच्या नोंदणीचा नवा कायदा २०२३ चा आहे, तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला, आणि त्यातल्या नियतकालिकाच्या व्याख्येतून पुस्तकं आणि शास्त्रीय, शैक्षणिक जर्नल वगळली आहेत. डीओआय हवा असेल तर तो देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं सभासदत्व डॉलरमध्ये घ्यावं लागतं, शिवाय प्रत्येक लेखाची वेगळी छोटी फी. अनुदानित महाविद्यालयाला परदेशी रक्कम भरणं हेच एक प्रकरण असतं, म्हणून प्रायोजक संस्थेमार्फत रुपयांत करता येतं का ते आधी बघा. पण डीओआय घेतला की संकेतस्थळाचा पत्ता बदलल्यावर क्रॉसरेफकडे नवा पत्ता कळवण्याची जबाबदारी कायमची आपली होते. ते न कळवल्यास डीओआय असून नसल्यासारखा. पहिल्या वर्षी डीओआय नसला तरी चालेल, मी तर तसंच सुचवेन. डीओएजे या मुक्त नियतकालिकांच्या सूचीत जायचं असेल तर वर्षाला किमान पाच संशोधन लेख लागतात. हा आकडा लहान वाटतो, पण आपल्याकडची किती नियतकालिकं तिसऱ्या वर्षी प्रामाणिक परीक्षण केलेले पाच लेख काढतात, ते बघा.

टिकण्याचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे उभं राहिलं. मंडळाचं ‘संशोधक’ त्रैमासिक काढणारी पहिली माणसं आज नाहीत, अंक आहेत. अमळनेरला प्रताप शेठजींच्या आश्रयाने १९१६ साली तत्त्वज्ञानाचं केंद्र सुरू झालं, तिथून निघालेल्या ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’चे खंड आजही ग्रंथालयांच्या फडताळांत मिळतात. कागदाला दरवर्षी वर्गणी भरावी लागत नाही. ऑनलाइन नियतकालिकाला लागते. एका महाविद्यालयात डोमेन एका उत्साही प्राध्यापकाच्या खासगी जीमेलवरून घेतलं होतं. ते निवृत्त झाले, नूतनीकरणाची सूचना त्यांच्या जुन्या फोनवर गेली, आणि काही महिन्यांत त्याच पत्त्यावर ऑनलाइन जुगाराचं संकेतस्थळ दिसायला लागलं. नॅकच्या अहवालात तोच पत्ता छापलेला. म्हणून डोमेन महाविद्यालयाच्या नावे, महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवर, आणि शक्य असेल तर महाविद्यालयाच्याच मुख्य संकेतस्थळाचा उपविभाग म्हणून घ्या. ओजेएसच्या नव्या आवृत्त्या वेळच्या वेळी चढवल्या नाहीत तर जुन्या संकेतस्थळांत अशाच जाहिराती घुसवल्या जातात, तेव्हा देखभालीची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात हवी. अंकांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवणारी पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची मोफत जतन-साखळी आहे, तिच्यात नाव नोंदवा. आणि प्रत्येक अंकाच्या दोन-तीन छापील प्रती बांधून ठेवा. जुन्या वळणाचं वाटेल, पण ठेवा.

प्रमाणपत्राचं विचारलंत. आंतरजालावर दिवसभराचे वेबिनार खंडीभर असतात, अभिप्रायाचा फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र येतं. त्यातून नावं कळतात, काम येत नाही. गंभीरपणे शिकायचं असेल तर चार गोष्टी सांगतो. पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचे ओजेएसवरचे आणि संपादनावरचे मोफत, आपल्या गतीने करायचे कोर्स आहेत. अमेरिकेतल्या ग्रंथालय-प्रकाशकांसाठी २०१८ मध्ये ‘लायब्ररी पब्लिशिंग करिक्युलम’ खुलं झालं. त्यात आशय, प्रभाव, धोरण आणि टिकाऊपणा असे चार भाग आहेत. त्यातला धोरणाचा भाग आधी वाचा, बाकीचं निवांत. नियतकालिकांचं काम करणाऱ्या ग्रंथपालांच्या नासिग या संघटनेने २०१७ मध्ये या कामातल्या ग्रंथपालाला काय काय यायला हवं याची क्षमतापत्रिका केली. ती वाचताना घाबरू नका, त्यांनीच म्हटलं आहे की एकाच माणसाकडे सगळं असणं अपेक्षित नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा ग्रंथपालांसाठीचा प्रमाणपत्र कोर्स आहे, त्याची फी डॉलरमध्ये आहे, पण त्याचं पाठ्यसाहित्य मोफत वाचता येतं. यांपैकी कशाचं प्रमाणपत्र तुमच्या पदोन्नतीसाठी धरतील हे विद्यापीठाकडून आधी लेखी विचारून घ्या.

हे सगळं इंग्रजीत आहे, आणि त्यातली उदाहरणं मोठ्या विद्यापीठांची आहेत, जिथे या एका कामाला पाच माणसं असतात. म्हणून एकट्याने वाचण्यापेक्षा गट करा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव, भुसावळ ही सगळी सुरत–भुसावळ मार्गावर आहेत. शहादा–तळोद्याच्या लोकांना नंदुरबारपर्यंत एसटीने यावं लागेल, तेवढं चालतं. महिन्यातल्या एका शनिवारी अमळनेरला भेटा, प्रत्येकाने एकेक भाग वाचून यावा आणि मराठीत शिकवावा, दुपारनंतर कुणाच्या तरी खऱ्या अंकावर काम करावं. आम्ही असा गट चालवला तेव्हा हक्कांचा भाग एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी असा समजावला की नंतर आलेला शहरी तज्ज्ञ फिका पडला.

आता प्राचार्यांकडे जाताना हातात एक पानाचं पत्र घेऊन जा. पहिलं वर्ष लेखक-मार्गदर्शन, ऑर्किड आणि जुन्या इतिवृत्ताच्या नोंदी. दुसऱ्या वर्षी एकच अंक, ऑनलाइन. पत्रात चार गोष्टी मागा: बाहेरच्या विद्यापीठातला एक तरी संपादक, दरवर्षीची देखभालीची रक्कम, डोमेन महाविद्यालयाच्या नावे, आणि या कामासाठी तुमच्या आठवड्यातले ठरावीक तास, म्हणजे त्या वेळात देवघेवीच्या टेबलावर दुसरं कुणीतरी. शेवटची मागणी सगळ्यात आधी नाकारली जाईल, म्हणून ती पहिल्या क्रमांकावर लिहा. नॅकची घाई असेल तर पहिल्या वर्षाच्या कामाचे पुरावे नॅकला पुरेसे दाखवता येतात हेही त्याच पत्रात लिहा. आणि नियतकालिकाच्या नावात ‘इंटरनॅशनल’ घालायचा आग्रह झाला, तर पाच लेखांपैकी किती परदेशातून येणार आहेत एवढंच शांतपणे विचारा.